हैदराबादची नळी

१५ जानेवारी १९८९, रविवार

ही वही तात्यारावांनी दिली. म्हणाले, "व्यंकट, गाडीला हात लावलास की रोज काय केलास ते ह्याच्यात लिही. पिराजीला तिकडं कळवावं लागतंय." मी सातवी पास. सातवीनंतर पेन धरला तो पार्टच्या चिठ्ठ्या लिहायला. पण तात्यारावांना न्हाई म्हणायची आपली छाती न्हाई.

तर गाडी. लँडमास्टर, छप्पन सालची. आमच्या वस्तीनं धम्म घेतला तो बी छप्पनलाच, म्हणून तात्याराव तिला आपल्या वस्तीची थोरली लेक म्हणतात. तहसील कचेरीत नोकरीला असताना अडुसष्टला त्यांनी ती जुनीच घेतली. आमच्या नवरदेवाला घोड्यावर बसून चौकातून जाऊ देत नव्हते. तात्याराव म्हणाले, घोडा न्हाई तर न्हाई, आपण मोटारीतून जाऊ, कोण अडवतंय बघू. कुणी अडवलं न्हाई, कारण मोटार बघायलाच समदे गोळा झाले. तेव्हापासून वस्तीतला हर एक नवरदेव त्याच गाडीत. माझी वरात बी त्यातूनच निघाली. शोभा शेजारी बसून उलटी येईल म्हणून तोंडाला पदर लावून बसली होती.

जयंतीला बाबासाहेबांचा फोटो त्याच गाडीवर असतो. गेल्या जयंतीला भर चौकात गाडी बंद पडली. मिरवणुकीत गाडी माणसाच्या चालीनं चालते, वर एप्रिलचं ऊन. इंजन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. मी पंपावर ओलं फडकं टाकलं, दोन बादल्या ओतल्या. अर्धा तास लेक जागची हलली न्हाई. ओट्यावरून एक जण ओरडला, "बैल आणा रे बैल!" आणि समदे हसले. तात्याराव स्टिअरिंग धरून खाली मान घालून बसले होते. मेकॅनिक कोण, तर मी. तोंड कुठं लपवू असं झालं.

पिराजी म्हणजे तात्यारावांचा थोरला, सौदीत दम्मामला मोटारीच्या कारखान्यात आहे. तिथं मोडीत निघालेल्या जपानी गाडीवरचं पेट्रोल इंजेक्शन त्यानं अख्खं उतरवून गावाकडं येणाऱ्या एकाच्या सामानातून पाठवलं. आज खोकं उघडलं. कार्बोरेटर काढून टाकायचा. हर सिलिंडरला एक पिचकारी. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप, तो दाबानं पेट्रोल ढकलतो. आणि एक काळा डबा हाय, तो पिचकारीला सांगतो कधी मार, किती मार. पेट्रोल दाबाखाली राहिलं की वाफ धरत न्हाई.

चौदा एप्रिलला गाडी न थांबता चौकातून काढायची. भालकीतल्या उदगीर रस्त्यावरच्या पत्र्याच्या गॅरेजमधून हे काम झालं तर बीदरचे उस्ताद बी बघत राहतील.

१९ जानेवारी, गुरुवार

काळ्या डब्याला पंचवीस वायरी. मला दोन वायरी कळतात, एक येणारी, एक जाणारी. म्हणून गुंडाप्पाला आणलं.

गुंडाप्पाचं बसस्टँडमागं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान हाय. धनगराचा पोरगा. त्याचा बाप अजून म्हणतो, मेंढरं सोडून माझं पोरगं डबडी राखायलाय. पण त्याच्या हातात काय जादू हाय बाबा! बंद पडलेला रेडिओ नुसता कानाला लावून सांगतो, कुठला सांधा सुटलाय. आज डबा बघून त्याचे डोळे असे चमकले की पोळ्याला बैल सजवल्यावर धन्याचे चमकावेत.

"अण्णा, ह्याला मेंदू हाय," म्हणाला.

"तुला हाय का? मग जोड."

हसला. घरी येऊन चहा घेतला, शोभाच्या हातची भाकरी बी खाल्ली. त्याच्या भावकीत हे चालत न्हाई, त्याला ठाऊक हाय. तो चालवतो.

१२ फेब्रुवारी, रविवार

पिचकाऱ्या बसवायला इंजनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डला चार भोकं पाडून बुश वेल्ड करून आणले, उदगीरहून. दोन फेऱ्या वाया गेल्या. गुंडाप्पा हर वायरीला कागदाची चिठ्ठी बांधतोय, रोज संध्याकाळी दुकान बंद करून येतो आणि सोल्डरच्या काडीनं एक एक सांधा तापवतो. सांधा झाला की ओढून बघतो, मग फुंकर मारतो, मग परत ओढतो. मी म्हटलं, "लग्न लावायलास का काय?" म्हणाला, "सांधा सुटला तर माझं नाव सुटलं, अण्णा."

विहारात विमलबाईंनी, म्हणजे तात्यारावांच्या मंडळींनी, बायांना अक्षरं शिकवायला घेतलंय. आमची शोभा बी पाटी घेऊन जायलीय. अजून 'ग'च्या पुढं न्हाई. बरं हाय. ही वही उघडी टाकली तरी चालते.

२० मार्च, सोमवार

आज चावी फिरवली आणि टाकीजवळ पंप घूंऽऽ वाजला. पिचकाऱ्या टिकटिकल्या. इंजन दोनदा खोकून बंद पडलं, पण खोकलं! गुंडाप्पानं मला मिठी मारली, समदा ग्रीस अंगाला लागला.

९ एप्रिल, रविवार

एक अडचण.

पिराजीनं पाठवलेली पेट्रोलची नळी दीड हात कमी पडली. जपानी गाडीत लाईन डाव्या अंगानं येते, आपली उजव्या अंगानं. खोक्यात त्याची चिठ्ठी होती, ती मी एकट्यानंच वाचलेली. लिहिलंय, "दाब लई असतो. साधी नळी लावू नका. कमी पडली तर कळवा, पाठवतो." कळवून यायला महिना. हैदराबादेत नक्की मिळेल. सकाळच्या गाडीनं जायचं, रात्री परत. एक दिवस.

पण उद्या टायमिंग बघायचंय, परवा चाचणी, तात्याराव दिवसातून चारदा येऊन विचारायलेत. माझ्याकडं कार्बोरेटरवाली नवी कोरी नळी पडलेली होती. दीड हात कापली, दोन्ही तोंडाला क्लिप, क्लिपवर बाइंडिंग तारेचे सात वेढे, पक्कडीनं पिळून. तारेवर आमचं अख्खं गाव चालतंय. बैलगाडीची धाव तारेवर, ट्रॅक्टरचा सायलेन्सर तारेवर, वीस वर्षं मी तार मारतोय आणि एक गाडी परत आली न्हाई. नळी ती नळी.

गुंडाप्पानं हात लावून बघितलं. "अण्णा, ही मऊ लागायलीय. ही तिकडचीच का?"

"हैदराबादची हाय," मी म्हटलं. "मुद्दाम मागवली."

"मग झालं," म्हणाला आणि आपल्या वायरीकडं वळला.

खोटं बोलायची काय गरज होती कोण जाणे. तोंडातून निघून गेलं. जयंती झाली की हैदराबादला जाऊन खरी आणून टाकीन.

१० एप्रिल, सोमवार

चालली! अर्धा तास उभी ठेवली, भर दुपारी, बॉनेट झाकून. एक झटका न्हाई. हावगेप्पा हॉटेलवाला चहाची किटली घेऊनच आला. तात्यारावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

नळी कोरडी. एक थेंब न्हाई. बघा म्हटलं होतं.

११ एप्रिल, मंगळवार

आज काही लिहीत न्हाई.

१३ एप्रिल, गुरुवार

लिहायला पाहिजे.

परवा साडेतीनला शेवटची चाचणी. मी आत बसलो होतो, गुंडाप्पा बॉनेटमध्ये वाकून. म्हणाला, "रेस दे." दिली. "अजून दे." दिली. आणि फट् असा आवाज आला, सायकलची ट्यूब फुटावी तसा, आणि पेट्रोलचा फवारा तापलेल्या सायलेन्सरवर. पुढं नुसता जाळ. मी बाहेर उडी मारली. गुंडाप्पा काहीतरी ओरडत होता, गोंधळात ऐकू आलं न्हाई. पंप चालूच होता, जाळावर पेट्रोल ओततच होता. गुंडाप्पानं दोन्ही हात जाळात घातले आणि बॅटरीची वायर उपटली. तेव्हा पंप थांबला. मग आम्ही वाळू टाकली, पोती टाकली.

त्यानं वायर उपटली नसती तर टाकी गेली असती, गॅरेज गेलं असतं, हावगेप्पाचं हॉटेल बी गेलं असतं.

हातांची कातडी... न्हाई लिहीत.

जीपमध्ये घालून त्याला बीदरला नेलं. मी मागं राहिलो. म्हटलं, गाडीजवळ कुणीतरी पाहिजे. समदे जीपमागं पळाले तेव्हा मी सुरी घेतली आणि फुटलेली नळी कापून खिशात घातली. तारेचे सात वेढे जागच्या जागी होते. नळी वेढ्याच्या कडेला फाटली होती, तार जिथं रुतली होती तिथंच.

हावगेप्पा परत आला. जळालेल्या वायरी बघून म्हणाला, "शार्ट झालं बघा. वायरिंगनं घात केला." मी काही बोललो न्हाई. बोलायचं होतं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या भालकीत झालं, शार्ट झालं, शार्ट झालं.

नळी वहीसोबत पेटीत ठेवलीय, फडक्यात गुंडाळून.

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंती. फोटो ट्रॅक्टरवर. तात्याराव पायी चालले, उन्हात, डोक्याला काही न बांधता. चौकात ओट्यावर आज कुणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं.

२३ एप्रिल, रविवार

बीदरला जाऊन आलो. गुंडाप्पाचे दोन्ही हात गुंडाळलेले. डावा बरा होईल म्हणतात. उजव्याची बोटं आखडणार.

त्याची बायको तानुबाई उशाला बसलेली. मला म्हणाली, "या अण्णा," आणि उठून जागा दिली. मला बसवेना.

गुंडाप्पा म्हणाला, "अण्णा, मी लई विचार केला. तिसऱ्या पिचकारीचा सांधा मी घाईत केला होता. त्या दिवशी बापाला ताप होता, लवकर जायचं होतं. तोच सुटला. ठिणगी पडली."

मी म्हटलं, "आता कामून तेच तेच काढायलास?"

"तुझी गाडी जाळली मी."

"माझी कुठं, तात्यारावांची." काय बोललो हे! तोंडाला काही काळवेळ हाय का न्हाई माझ्या?

मग म्हणाला, "मी ओरडलो ते तुला ऐकू आलं नसंल."

"न्हाई," मी म्हटलं.

येताना एसटीत हुमनाबादपर्यंत उभाच राहिलो. सीट रिकाम्या होत्या. नंतर लक्षात आलं, मी भालकीची सोडून दुसरीच गाडी धरली होती.

३० एप्रिल, रविवार

विहारात वंदना. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. लहानपणापासून म्हणतोय, झोपेत बी म्हणेन. आज म्हटलं न्हाई. ओठ हलवले नुसते. शोभा बाजूलाच बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत पुढं बघितलं.

तात्यारावांनी वही मागितली, पिराजीला पाठवायला. मी म्हटलं, ग्रीस लागलंय, नवी लिहून देतो. रात्रभर बसून दुसरी वही लिहिली. त्यात समदं हाय, भोकं, बुश, टायमिंग. नळी न्हाई. अक्षर बी चांगलं काढलं, माझं मलाच नवल वाटलं.

७ मे, रविवार

गुंडाप्पा घरी आला. दुकान उघडलं न्हाई. तानुबाई लोकांचे रेडिओ ज्याचे त्याला परत देत फिरायलीय, दुरुस्त न करता. डावा हात चालतोय त्याचा, पण सोल्डरच्या काडीला हात लावत न्हाई. म्हणतो, "हात गेला त्याचं काही न्हाई. माझा सांधा खोटा निघाला. आता कुणाच्या घरात माझा सांधा नको." आपण जोडून दिलेल्या घराघरांत जातोय आणि लोकांना म्हणतोय, तो पंखा वापरू नका, तो टीव्ही लावू नका, मी केलेलाय.

शोभाचं काय बिनसलंय कळत न्हाई. रोज चार भाकऱ्या जास्त थापते आणि गुंडाप्पाच्या घरी देऊन येते. मला वाढताना बोलत न्हाई. मी विचारलं, "काही झालंय का?" म्हणाली, "मला काय व्हायचंय?" बायांच्या मनातलं ब्रह्मदेवाला न्हाई कळत, तर मेकॅनिकला कुठून कळणार.

१२ मे, शुक्रवार

आज शोभा पाटी घेऊन आली. "'नळी' कसं लिहिता?" मी काढून दिलं, न, ळ, त्याला दुसरी वेलांटी. गिरवत बसली. वस्तीच्या नळाला पाणी येत न्हाई म्हणून विमलबाई बायांकडून अर्ज लिहून घेत असतील. चांगलंय.

१४ मे, रविवार

आता हद्द झाली.

वंदना झाल्यावर विहाराबाहेर बोलणं निघालं. एक जण म्हणाला, गुंडाप्पानं मुद्दाम केलं. जयंतीच्या तीन दिवस आधीच कशी जळाली? त्याच्या भावकीनं सांगितलं असंल, ह्यांची गाडी चौकातून जाऊ देऊ नको. दुसरा म्हणाला, व्हय, आपल्यात जेवायचा तो भेद घ्यायला. तिसरा म्हणाला, त्याच्या दुकानाची पायरी आपल्यातल्या कुणी चढायची न्हाई. तात्याराव माझ्याकडं बघून म्हणाले, "व्यंकट, तू होतास तिथं. तू सांग."

ज्यानं जाळात हात घातला त्याच्याबद्दल विचारत होते.

मी म्हटलं, "मुद्दाम न्हाई केलं त्यानं." इतकंच. 'त्यानं केलंच न्हाई' असं म्हणायचं होतं. दोन शब्दांचा फरक. घरी येऊन ताटावरून उठलो.

आणि एक लिहून टाकतो, इथं तरी. गोंधळात ऐकू आलं न्हाई असं मी वर लिहिलंय. ऐकू आलं होतं. गुंडाप्पा ओरडला, "चावी! चावी!" चावी माझ्या गुडघ्याजवळ होती. फिरवली असती तर पंप थांबला असता. मी ऐकलं, जाळ बघितला, आणि दार उघडून पळालो. दहा पावलं लांब जाऊन मागं वळलो तेव्हा त्याचे हात आत होते.

१८ मे, गुरुवार

आज पेटी उघडली, वही काढली. फडकं रिकामं होतं. नळी न्हाई.

मग वही उघडली. माझ्या लिहिण्याच्या खाली, पेन्सिलीनं, बोटाएवढी मोठी अक्षरं, ओळ खाली खाली घसरत गेलेली:

'नळी गुंडापाची हाय. देऊन या.'

नळी पानातच ठेवली होती.

मी तशीच वही मिटून बसलो. शोभा चुलीपुढं होती. तिनं मागं बघितलं न्हाई. मी म्हटलं, "कुठपर्यंत वाचलीस?" म्हणाली, "फडक्यातली नळी आधीच दिसली होती. मग वही अक्षर लावून लावून वाचली. तीन दिवस लागले." भाकरी उलटून म्हणाली, "चावीपर्यंत."

१९ मे, शुक्रवार

दुपारी गेलो. गुंडाप्पा अंगणात बाजेवर होता. तानुबाई ज्वारी निवडत होती. मी नळी त्याच्या मांडीवर ठेवली.

म्हटलं, "ही हैदराबादची न्हाई. माझ्या गॅरेजमधली, कार्बोरेटरची. पिराजीनं लिहिलं होतं साधी लावू नका. मी लावली. ही फुटली. तुझा एक बी सांधा सुटला नव्हता. मी कापून लपवली होती."

त्यानं ती डाव्या हातानं उचलली. फाटलेल्या जागी अंगठा फिरवला. तारेचे वेढे बघितले. मला वाटलं आता फेकून मारतो. मारावी असंच वाटत होतं.

"तिसऱ्या पिचकारीचा?" त्यानं विचारलं.

"जागेवर हाय. मी ओढून बघितला. वायरींचा आख्खा जुडगा जळाला, पण सांधा सुटला न्हाई."

"सुटला न्हाई?"

"न्हाई."

गुंडाप्पा हसायला लागला. खरंच सांगतो, हसायला लागला, डोळ्यांतून पाणी यायलंय आणि हसायलाय. "तानू! ऐकलीस का? माझा सांधा सुटला न्हवता! कुठाय माझी पेटी? दुकानाची किल्ली आण!" तानुबाई सूप टाकून उठली, तिला कळेना रडावं का काय करावं. बाजेवरनं उठून तो अंगणात इकडून तिकडं चालायला लागला. म्हणाला, "महिना झाला, अण्णा, मी झोपेत एक एक सांधा उकलून बघायलोय." माझ्यावर राग न्हाई, काही न्हाई. मला वाटलं, सुटलो. इथूनच परत फिरावं. आईशपथ, पाय दाराकडं वळले होते.

पण ती पेन्सिलीची ओळ डोळ्यापुढं होती.

म्हटलं, "गुंडाप्पा, अजून एक. तू चावी म्हणून ओरडलास. मला ऐकू आलं होतं."

तो थांबला.

"दवाखान्यात मी न्हाई म्हटलं, ते खोटं. ऐकू आलं होतं. मी पळालो."

उजव्या हाताची ती आखडलेली बोटं डाव्या हातात धरून उभा होता. मग म्हणाला, "नळीचं असतंय अण्णा. माणूस चुकतो. घाई असती." पुढं काही म्हणेल म्हणून मी वाट बघितली. तो खाली बसला, बाजेच्या कडेला, माझ्याकडं पाठ करून.

"तुझ्या लोकांत सांग," म्हणाला. "आमच्या तानूला बाजारात तुमच्यातल्या बाया भाजी देईना झाल्यात. नळीचं सांग. चावीचं सांगू नको. ते तुझं माझं."

तानुबाईनं मला पाणी विचारलं न्हाई. आजवर असं कधी झालं नव्हतं.

२० मे, शनिवार

बुद्ध पौर्णिमा. विहार भरलेलं. पंचशील झालं, चौथं मी मोठ्यानं म्हटलं आणि उभा राहिलो. नळी वर धरली. समदं सांगितलं, चिठ्ठी, तार, कापून लपवली ते, दुसऱ्या वहीतलं खोटं ते. गेल्या रविवारी ज्यांनी गुंडाप्पाचं नाव घेतलं त्यांच्याकडं बघून सांगितलं, "भेद घ्यायला आलेला माणूस जाळात हात घालत न्हाई."

चावीचं सांगायला तोंड उघडलं होतं. त्यानं नको म्हटलंय म्हणून मिटलं. खरं का, का मलाच बरं वाटलं म्हणून मिटलं, ते मला सांगता येणार न्हाई.

एक म्हातारी म्हणाली, "अरे, तार मारून गाडी चालवतात का रे?" कुणी हसलं न्हाई. तात्याराव उठले, माझ्या हातातून नळी घेतली, फिरवून बघितली, आणि म्हणाले, "मला एक दिवस मागितला असतास तर मी न्हाई म्हटलं असतं का?" मग गुंडाप्पाच्या घराकडं चालू लागले. त्यांच्यामागं विमलबाई, त्यांच्यामागं निम्मं विहार. खिरीचं भगुनं बी उचलून नेलं बायांनी. शोभा गेली. मी सतरंज्या गोळा करत मागं राहिलो.

३ जून, शनिवार

गॅरेजला गिऱ्हाईक न्हाई. हावगेप्पा सांगत होता, लोक म्हणायलेत, व्यंकट नळी कुठली लावतो काय भरवसा. बरोबर हाय त्यांचं.

काल हैदराबादला जाऊन आलो. खरी नळी मिळाली, तिसऱ्याच दुकानात. सकाळची गाडी, रात्री परत. एक दिवस लागला.

११ जून, रविवार

गुंडाप्पाचं दुकान उघडं हाय. उजव्या हातात काडी धरता येत न्हाई, डाव्यानं करतो. पण मग वायर धरायला हात उरत न्हाई. गेल्या सोमवारी तानुबाईचा निरोप आला, त्यानं संध्याकाळी दुकानात यायला सांगितलंय, काम हाय. तेव्हापासून रोज जातोय. मी वायर धरतो, तो तापवतो. बोलत न्हाई. "इकडं घे." "वर धर." "हलू नको." एवढंच. अण्णा म्हणत न्हाई. आधी लँडमास्टरच्या वायरी करायच्या म्हणतो, मग बाकी. परवा सोल्डरचा थेंब माझ्या अंगठ्यावर पडला. मी हललो न्हाई, त्यानं बघितलं, आणि पुढचा सांधा घेतला.

आज तिसऱ्या पिचकारीचा सांधा झाला. त्यानं ओढून बघितला, फुंकर मारली, परत ओढला. मग माझ्यापुढं केला. मी ओढून बघितला. पक्का हाय.

चप्पल घालून तो दारापर्यंत गेला आणि मागं न बघता म्हणाला, "जाताना काडीचं बटण बंद कर."

केलं. कुलूप लावलं. हावगेप्पाच्या हॉटेलपर्यंत आलो आणि परत फिरलो, खिडकीच्या फटीतून बघितलं. काडीचा लाल दिवा विझलेला होता. तरी जरा वेळ तिथंच उभा राहिलो.